अठरा मिलीमीटर

कंपनी बुडाली तेव्हा माझा हिशेब निघाला एक्केचाळीस हजार.
मालकाचा मुलगा म्हणाला, पैसे नाहीत,
जे दिसतंय ते उचला.
सतरा जण होतो. कुणी ड्रिल मशीन नेलं, कुणी पंखे,
परबाने लेथच उचलला.
मी उशिरा पोचलो.
मला छत्तीस सालची मॉरिस मिळाली, काळी,
टायर जमिनीला चिकटलेले.

नऊ वर्षं ती किसननगरच्या गटाराकडेला
ताडपत्रीखाली आहे. मांजरी तिच्यातच वितात.
मालन तिच्या बॉनेटवर पापड वाळत घालते.

यंदा गुडघे बरे होते म्हणून इंजिन उघडलं.
तीन प्लग रॉकेलने उजळले.
चौथ्याच्या चिनी मातीला तडा,
केसाएवढा.
विजेला तेवढी वाट पुरते.

"चौदाचा घ्या, काका," वागळेतला पोरगा म्हणाला,
"सगळे चौदाचाच नेतात."
मी पिशवीतून व्हर्नियर काढलं, त्याच्या काउंटरवर मोजून दाखवलं.
सतरा पूर्णांक नव्वद, झीज धरून अठरा.
तो प्लगकडे नाही, व्हर्नियरकडेच बघत राहिला.

तुर्भ्याला एकजण परदेशातून मागवून द्यायला तयार झाला.
किंमत ऐकून मी पाणी मागितलं.
कळव्याच्या सलाउद्दीन भंगारवाल्याने अख्खा ड्रम उपडा केला,
म्हणाला, असेल तर मिळेल, नसेल तर नाही.
एवढं खरं बोलणारा माणूस मला त्या महिन्यात दुसरा भेटला नाही.
संध्याकाळपर्यंत ढीग उपसला.
सगळे चौदाचे. नखं आठवडाभर काळी.

आणि मग चेंदणीला,
मी कोळंबी घ्यायला गेलो होतो, प्लग शोधायला नाही,
धक्क्यावर चांगुणाबाई गळाची दोरी गुंडाळत होती,
दोरीच्या टोकाला, शिशाच्या जागी,
गंजलेला, शेवाळ धरलेला
प्लग.

तिच्या मांडीवरच मोजला. अठरा.
"सासऱ्याचे वेलंचा हाय," ती म्हणाली,
"तुला दिला तं माजा गल बुडंल कसा?"

बरोबर होतं तिचं.
वाण्याच्या काट्यावर वजन केलं, त्र्याऐंशी ग्रॅम.
सोळा नंबरला परबाच्या लेथवर पितळेची कांडी लावली,
नऊ वर्षांनी हाताला चक्राची थरथर.
वर भोक, दोरीसाठी खाच, कडा मारल्या,
बोटाला कुठे लागू नये.
चांगुणाबाईने तळहातावर झोकून बघितलं.
"वाईच जास्ती हाय."
दोन ग्रॅम. मुद्दाम ठेवले होते.

आटे डायमधून फिरवले. तारेचा ब्रश, रॉकेल, परत ब्रश.
गॅप पंचवीस थाऊ, फिलर गेज जाता जाता अडेल इतका.
खाडीचा वास मात्र गेला नाही.

इनासच्या बुलेटची सहा व्होल्टची बॅटरी रात्रीपुरती मागून आणली.
प्लग वायरीला जोडून इंजिनावर आडवा ठेवला,
मालनने टॉर्च धरली,
मी पुढून हँडल मारलं.
काही नाही.
परत मारलं. आतून एक मांजर बाहेर पळालं.
तिसऱ्यांदा

टिक्.

तिळाएवढी, निळी.

"आता चालेल?" मालनने विचारलं.
नाही. टाकीला भोक आहे. टायर कुजलेत.
कागद अजून मालकाच्या नावावर.
"मग?"
मी हँडलवर परत वाकलो.
ती काही बोलली नाही.
टॉर्च तेवढी बंद केली,
म्हणजे नीट दिसेल.